वस्ताद आणि यंत्र : महिंद्राची मोटरसायकल, अस्पारचा संघ

पनवेलच्या अलीकडे, कळंबोलीला, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. त्या मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. म्हणून मोटरसायकलवरून पुण्याला निघालेला माणूस आजही पनवेलहून जुन्याच महामार्गाला लागतो, खोपोली गाठतो आणि बोरघाट चढतो. महाराष्ट्राच्या दुचाकी उद्योगाची दोन टोके याच जुन्या रस्त्याने जोडलेली आहेत. मुंबईच्या टोकाला जीप आणि ट्रॅक्टर बनवणारी महिंद्रा. पुण्याच्या टोकाला बजाज, आणि १९७२ साली ‘लूना’ रस्त्यावर आणणारे फिरोदियांचे कायनेटिक.

२००८ साली मुंबईच्या टोकाने पुण्याच्या टोकाचा एक तुकडा विकत घेतला. कायनेटिक मोटरचा व्यवसाय महिंद्राने सुमारे ११० कोटी रुपयांना घेतला आणि नव्या कंपनीत कायनेटिककडे २० टक्के हिस्सा राहिला. त्याच वर्षी महिंद्राने इटलीतील बोलोन्या शहराजवळची ‘इंजिन्स इंजिनिअरिंग’ ही अभिकल्प-संस्थाही ताब्यात घेतली. स्कूटरच्या बाजारात उशिरा उतरलेल्या कंपनीला नाव कमवायचे होते, आणि त्यासाठी तिने जो मार्ग निवडला तो कोणत्याही भारतीय दुचाकी कंपनीने तोवर निवडलेला नव्हता. तिने जागतिक ग्रां प्री मोटरसायकल स्पर्धेत स्वतःचे यंत्र उतरवायचे ठरवले.

या प्रकरणाची सांगितली जाणारी हकिगत बहुधा चार वाक्यांत संपते : महिंद्रा गेली, हरली, मग जिंकली, आणि परत आली. तिच्या पोटात मात्र एक जुना प्रश्न दडलेला आहे. शर्यत यंत्र जिंकते, रायडर जिंकतो, की त्या दोघांना एकत्र बांधून ठेवणारा माणूस? महिंद्राला या प्रश्नाचे उत्तर सापडले, ते स्पेनमधल्या एका निवृत्त रायडरच्या दारात.

२०११ हा महिंद्राचा पहिला मोसम. गट होता १२५ सीसीचा, टू-स्ट्रोक इंजिनांचा. संघाची सूत्रे मुंबईहून आलेल्या मुफद्दल चूनिया यांच्याकडे होती. रायडर होते इंग्लंडचा डॅनी वेब आणि जर्मनीचा मार्सेल श्रॉटर. हा गटच त्या वर्षाअखेर बंद होणार होता. म्हणजे विझत आलेल्या चुलीवर भाकरी थापण्यासारखेच ते होते. तरीही मोसमाच्या अखेरच्या शर्यतीत, स्पेनमधील वालेन्सियाच्या मार्गावर, वेबने सरावातली सर्वांत जलद फेरी मारून पहिल्या जागेवरून सुरुवात करण्याचा मान मिळवला. शर्यत मात्र त्याच्या हाती लागली नाही.

१२५ सीसीच्या त्याच शेवटच्या शर्यतीत आणखी एक गोष्ट घडली. निकोलास तेरोल या रायडरने त्या गटाचे अखेरचे विश्वविजेतेपद नक्की केले. तेरोल वालेन्सिया प्रदेशाचाच, आणि तो ज्या संघातून खेळत होता त्याचा मालकही त्याच मातीतला : होर्खे मार्टिनेझ, ऊर्फ ‘अस्पार’. महिंद्राची गाडी आणि अस्पारचा विजय हे दोघे त्या दिवशी एकाच मार्गावर, एकमेकांना अनोळखी, शेजारून गेले.

अस्पार १९६२ साली वालेन्सियाजवळच्या आल्सिरा गावी जन्मला. ‘अस्पार’ हे टोपणनाव त्याच्या घराण्यातल्या पादत्राणे बनवण्याच्या धंद्यावरून आले. आपल्याकडेही धंद्यावरून आडनावे पडलीच. १९८६, १९८७ आणि १९८८ अशी सलग तीन वर्षे तो डर्बी या स्पॅनिश कंपनीच्या गाडीवर ८० सीसी गटात विश्वविजेता झाला. १९८८ साली तर त्याच मोसमात १२५ सीसीचे विजेतेपदही त्याने घेतले. एका वर्षात दोन गटांतली विश्वविजेतेपदे ही त्या काळीही दुर्मीळ गोष्ट होती. कारकिर्दीच्या अखेरीस त्याच्या नावावर ३७ ग्रां प्री विजय होते.

पण ज्या गटाने त्याला नाव दिले तो ८० सीसीचा गट १९८९ नंतर कायमचा बंद झाला. अस्पार पुढे १९९७ पर्यंत धावत राहिला. १९८८ नंतर मात्र त्याला विजेतेपद मिळाले नाही. माणसाचे वय सव्विशीतच असावे आणि शिखर मागे पडलेले असावे, ही अवस्था खेळाडूंच्या चरित्रांत वारंवार दिसते. त्यावर बहुतेकांचा तोडगा एकच असतो : अजून एक मोसम, अजून एक गाडी. अस्पारने धावणे सोडले नाही. मात्र १९९२ साली त्याने स्वतःचा संघ उभा केला. पुढची सुमारे पाच वर्षे तो त्याच संघाचा रायडरही होता आणि धनीही. निवृत्तीच्या दिवशी त्याला नवे काम शोधावे लागले नाही. ते आधीच सुरू होते.

इथे थोडे थांबून या संक्रमणाकडे पाहायला हवे. रायडर आणि संघव्यवस्थापक यांच्या कामांत नावापुरतेच साम्य आहे. रायडरला दोन तासांच्या सरावात आणि पाऊण तासाच्या शर्यतीत फक्त स्वतःपुरते पाहायचे असते. त्याचा स्वार्थ हाच त्याचा गुण असतो. व्यवस्थापकाला प्रायोजक मिळवायचा असतो, मेकॅनिकांचा पगार वेळेवर द्यायचा असतो, सुटे भाग एका खंडातून दुसऱ्या खंडात पोहोचवायचे असतात, आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोराला सलग तीन वेळा पडल्यानंतर चौथ्यांदा गाडीवर बसवायचे असते. त्यातही सर्वांत अवघड काम दुभाष्याचे. रायडर म्हणतो, ‘वळणात पुढच्या चाकाचा भरवसा वाटत नाही.’ अभियंत्याला हवा असतो आकडा. त्या वाक्याचे आकड्यात रूपांतर करायला स्वतः कधीतरी तो भरवसा गमावलेला माणूस मध्ये असला, तर अर्धा दिवस वाचतो.

मराठी वाचकाला हे तालमीवरून चटकन कळेल. वस्तादाने ऐन उमेदीत कोणती मैदाने मारली हे तालमीतल्या पोरांना माहीत असतेच. पण वस्ताद म्हणून त्याची किंमत ठरते ती त्याच्या पट्ठ्यांवरून. क्रिकेटमध्येही अजित वाडेकरांची दोन आयुष्ये वेगळीच मोजावी लागतात : १९७१ साली वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणारा कर्णधार, आणि नव्वदच्या दशकातला भारतीय संघाचा व्यवस्थापक.

मोटरसायकलच्या जगात ही परंपरा अस्पारच्या आधीपासूनची आहे. पंधरा विश्वविजेतेपदे मिळवणारा इटलीचा जाकोमो अगोस्तिनी ऐंशीच्या दशकात यामाहाचा संघ चालवू लागला आणि त्याच्या संघातून एडी लॉसनने १९८४, १९८६ व १९८८ अशी तीन वेळा ५०० सीसीची विजेतेपदे जिंकली. तीन वेळचा विजेता केनी रॉबर्ट्स याच्या संघातून वेन रेनी १९९० ते १९९२ सलग तीन वर्षे अजिंक्य राहिला. १९८५ आणि १९८७ चा १२५ सीसी विजेता फाउस्तो ग्रेसिनी यानेही संघ काढला आणि २००१ साली जपानच्या दाइजिरो कातोला २५० सीसीचा विश्वविजेता केले.

पण रॉबर्ट्सची गोष्ट इथे संपत नाही, आणि महिंद्राच्या संदर्भात तिचा उत्तरार्धच अधिक बोलका आहे. यामाहाचे बोट सोडून रॉबर्ट्सने १९९७ पासून स्वतःचीच गाडी मैदानात आणली. तिच्यावर नाव होते मलेशियाच्या मोडेनास या कंपनीचे. उत्तम संघ चालवणारा माणूस उत्पादक होऊ पाहत होता. त्या तीन सिलिंडरच्या गाडीने एकही ग्रां प्री जिंकली नाही. महिंद्राची चाल याच्या बरोबर उलटी होती. उत्पादक संघ चालवू पाहत होता. दोन्हीकडे चूक एकाच जातीची होती : एक विद्या आली म्हणजे शेजारची आपोआप येईल, हा समज.

२०१२ साली १२५ सीसीच्या जागी ‘मोटो-३’ हा नवा गट आला. त्यात एक सिलिंडर आणि २५० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन असे. महिंद्राने त्यासाठी सर्वस्वी नवी गाडी आणली आणि वर्ष अक्षरशः वाया गेले. गाडी मागे पडत राहिली आणि हाती फारसे काही लागले नाही. तेव्हाच कंपनी हे प्रकरण गुंडाळते की काय, असे वाटण्याजोगी स्थिती होती.

तिने गाशा गुंडाळला नाही, हे तिच्या श्रेयाला जमा करायला हवे. २०१३ साठी तिने स्वित्झर्लंडच्या सुटर या कार्यशाळेकडून नव्याने गाडी करून घेतली. या कार्यशाळेचा संस्थापक एस्किल सुटर हा स्वतः ग्रां प्री धावलेला रायडर. ऑक्टोबर २०१३ मध्ये मलेशियाच्या सेपांग मार्गावर पोर्तुगालचा मिगेल ऑलिव्हेरा तिसरा आला. भारतीय उत्पादकाला ग्रां प्रीच्या विजयमंचावर मिळालेली ती पहिली जागा. पुढच्या वर्षी महिंद्राच्याच गाडीवर, एका खासगी संघातून खेळणारा दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बाइंडर जर्मनीत दुसरा आणि जपानमध्ये तिसरा आला.

ही शेवटची गोष्ट कंपनीच्या लक्षात आली असावी. गाडी दुसऱ्याच्या हातात गेल्यावर वाईट चालत नव्हती. उलट, तिथेच बरी चालत होती. २०१५ पासून महिंद्राने स्वतःचा संघ चालवणे थांबवले. उत्तर इटलीतील बेसोझ्झो येथील कार्यशाळेत गाडी बनवायची, सुधारायची आणि संघांना पुरवायची, एवढेच काम तिने आपल्याकडे ठेवले. कारखान्याचा अधिकृत संघ म्हणून निवड झाली अस्पारची. एव्हाना त्याच्या नावावर मालक म्हणून १२५ सीसीची चार विश्वविजेतेपदे होती : २००६ साली आल्वारो बाउतिस्ता, २००७ साली गाबोर तालमाची, २००९ साली हुलियान सिमोन आणि २०११ साली तो वालेन्सियाचा तेरोल.

मोठ्या उद्योगसमूहाला असा निर्णय सोपा नसतो. गाडीवर आपले नाव, पैसा आपला, आणि रायडर कोण, मेकॅनिक कोण, शर्यतीच्या सकाळी कोणता टायर, हे सारे परक्या गावातल्या माणसाच्या हाती. हे अधिकार सोडणे म्हणजे आपल्याला काय येत नाही याची जाहीर कबुली. महिंद्राच्या सात वर्षांतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता, असे निकाल पाहता म्हणावे लागते.

अस्पारने त्या गाडीवर बसवलेल्या पोरांत दोघे होते, जे तेव्हा कोणाच्या खिजगणतीत नव्हते. इटलीच्या तुरिनचा फ्रान्चेस्को बान्याया आधीच्या संघात फारसे काही न करता इथे आला होता. माद्रिदजवळचा होर्खे मार्टिन नुकताच कनिष्ठ गटातून वर आला होता. संघाचे रोजचे क्रीडाव्यवस्थापन पाहत होता इटलीचा जिनो बोर्सोई. तोही माजी रायडर. १२५ सीसीत अनेक वर्षे धावलेला, पण एकही ग्रां प्री न जिंकलेला. एका बाजूला चार विश्वविजेतेपदे मिरवणारा मालक आणि दुसऱ्या बाजूला विजयाविना निवृत्त झालेला व्यवस्थापक. पडलेल्या पोराची समजूत काढायला त्यांपैकी कोण अधिक लायक, हे सांगणे कठीण नाही.

मे २०१५ मध्ये फ्रान्सच्या ल मां येथे बान्याया तिसरा आला. पुढच्या मोसमाची सुरुवातच कतारमधल्या तिसऱ्या क्रमांकाने झाली. आणि २६ जून २०१६ रोजी नेदरलँड्समधील आसेन येथे तो पहिला आला. आसेन हा ग्रां प्रीतल्या सर्वांत जुन्या मार्गांपैकी एक. तिथे भारतीय उत्पादकाच्या मोटरसायकलने पहिली ग्रां प्री जिंकली.

त्यानंतरचे सहा महिने महिंद्राचा सुवर्णकाळ ठरले. ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो येथे पावसात जॉन मॅकफी पहिला आला आणि मार्टिन दुसरा. मॅकफीच्या गाडीवर नाव प्यूजोचे होते, पण आत यंत्र महिंद्राचेच. प्यूजोच्या दुचाकी शाखेतला ५१ टक्के हिस्सा महिंद्राने २०१५ च्या सुरुवातीला घेतला होता. ऑक्टोबरमध्ये सेपांगला बान्याया पुन्हा जिंकला. मोसमाअखेर तो एकूण क्रमवारीत चौथा होता. शर्यत जिंकल्याचे बक्षीस म्हणून अस्पारच्या संघाने त्याला आपली मोटोजीपीतली डुकाटी एक दिवस चालवायला दिली. वस्तादाने पट्ठ्याला थोरल्या आखाड्याची माती दाखवावी, तशातलाच तो प्रकार.

मे २०१७ मध्ये महिंद्राने जाहीर केले की, मोसमाअखेर ती मोटो-३ मधून बाहेर पडेल. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला-ई स्पर्धेवर लक्ष केंद्रित करायचे, हे कारण होते. कंपनी म्हणून त्यात तर्कदोष नाही. मोटो-३ ची गाडी शोरूममध्ये विकता येत नाही, आणि विजेच्या मोटारींवरचा खर्च उद्याच्या व्यवसायात वळवता येतो. तरीही कालगणना बोचते. २०११ ते २०१५ ही पाच वर्षे शिकण्यात गेली, सहाव्या वर्षी विजय मिळाला, आणि सातव्या वर्षी दुकान आवरले. वस्तादाला पट्ठा घडवायला लागणारा काळ आणि ताळेबंदाचा काळ यांचा मेळ सहसा बसत नाही.

याच २०१७ मध्ये आणखी एका माजी विजेत्याने महिंद्राच्या गाडीवर संघ उभारला होता. २५० सीसीचा चार वेळचा विश्वविजेता मॅक्स बियाजी हा इटलीच्या राष्ट्रीय स्पर्धेत महिंद्रा घेऊन उतरला. जूनमध्ये सराव करताना तो स्वतःच गंभीर जखमी झाला. छातीला जबर मार बसला. संघाचा मालक झालेला माणूस स्वतः गाडीवर बसायचा थांबत नाही, हेही या संक्रमणाचे एक वास्तव. बियाजी वाचला आणि २०१९ साली त्याचा संघ जागतिक मोटो-३ मध्ये आला. पण तोवर महिंद्रा नव्हती, गाड्या ऑस्ट्रियाच्या केटीएमच्या होत्या.

अस्पारनेही २०१८ पासून मोटो-३ साठी केटीएमचीच गाडी घेतली. नाव बदलले, मेकॅनिकांची खोकी बदलली नाहीत. महिंद्राच्या अखेरच्या मोसमात त्याच्याकडे असलेला आल्बर्ट अरेनास २०२० साली त्याच संघातून मोटो-३ चा विश्वविजेता झाला. २०२२ मध्ये इसान गेवारा आणि २०२४ मध्ये कोलंबियाचा दाविद अलोन्सो, अशी आणखी दोन विजेतेपदे वेगवेगळ्या उत्पादकांच्या नावांखाली आली. संघाच्या हिशेबात यंत्र हे भाड्याच्या घरासारखे असते. संसार तेवढा आपला.

महिंद्रावर बसून गेलेल्यांची पुढची यादी पाहिली, तर हसावे की हळहळावे हे कळत नाही. बाइंडर २०१६ चा मोटो-३ विजेता. मार्टिन २०१८ चा मोटो-३ विजेता, ग्रेसिनीच्या संघातून. बान्याया २०१८ चा मोटो-२ विजेता, पुढे २०२२ आणि २०२३ चा मोटोजीपी विजेता. महिंद्राच्या अखेरच्या मोसमात अस्पारकडे असलेला लोरेन्झो दल्ला पोर्ता २०१९ चा मोटो-३ विजेता. ऑलिव्हेराने मोटोजीपीत शर्यती जिंकल्या. पूर्ण मोसम महिंद्रावर धावलेल्यांत भारतीय मात्र एकही नव्हता. या साऱ्या खटाटोपात ही उणीव सर्वांत मोठी. पट्ठे घडले, पण इथल्या तालमीतले नव्हेत.

२४ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीजवळच्या बुद्ध मार्गावर भारतात पहिल्यांदा मोटोजीपी झाली. पहिला आला इटलीचा मार्को बेझ्झेकी, दुसरा मार्टिन, बान्याया पडला. बेझ्झेकीने २०१७ चा आपला मोटो-३ मोसम महिंद्राच्याच गाडीवर काढला होता आणि त्याच गाडीवर जपानमध्ये तिसरा क्रमांक मिळवला होता. भारताच्या भूमीवर भारतीय गाडीचे दोन जुने रायडर पहिले आणि दुसरे आले. गाड्या दोघांच्याही इटलीच्या होत्या.

२०२४ चा अखेरचा सामना वालेन्सियात व्हायचा होता. ऑक्टोबरच्या शेवटी त्या प्रांतात महापूर आला, आणि शर्यत बार्सिलोनाला हलवावी लागली. १७ नोव्हेंबरला तिथे बान्याया जिंकला आणि तिसऱ्या आलेल्या मार्टिनने विश्वविजेतेपद घेतले. ५०८ गुणांविरुद्ध ४९८. सलग दुसऱ्या वर्षी जगातले पहिले दोन रायडर तेच होते, जे आठ वर्षांपूर्वी अस्पारच्या छपराखाली महिंद्राच्या लहान गाडीवर शेजारी-शेजारी बसत. मार्टिनच्या संघाचा व्यवस्थापक होता जिनो बोर्सोई.